किडनी ट्रान्सप्लांटनंतरची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं किडनी ट्रान्सप्लांट होऊन १४ वर्षं झाली. किडनी माझ्या ताईची. ऑपरेशनच्या आधी मी डॉक्टरांना जे काही विचारलं ते सगळं ऑपरेशनबद्दलच होतं: किती तास लागतील, किती दुखेल, घरी कधी सोडतील. पुढच्या वर्षांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही, कारण पुढची वर्षं मिळतील यावरच तेव्हा पुरता विश्वास बसत नव्हता. आता नव्याने ट्रान्सप्लांट झालेली माणसं आणि त्यांच्या घरचे माझ्याशी बोलतात, तेव्हा त्यांचे प्रश्न नेमके तिथलेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत.

मी डॉक्टर नाही. गोळीचा डोस, गोळी बदलणं किंवा बंद करणं यातलं काहीही या पानावरून ठरवू नका. तुमचे नेफ्रॉलॉजिस्ट, म्हणजे किडनीचे डॉक्टर, वेगळं सांगत असतील तर त्यांचंच ऐका, कारण तुमचे रिपोर्ट त्यांच्यासमोर आहेत.

बसवलेली किडनी किती वर्षं चालते?

विचारणाऱ्याला एकच आकडा हवा असतो. आकडे आहेत, पण ते जपून वाचावे लागतात. अमेरिकेतल्या नोंदींचा एक मोठा आढावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९५ ते १९९९ या काळात मरणोत्तर अवयवदानातून मिळालेल्या किडन्यांपैकी निम्म्या ८.२ वर्षं ओलांडत होत्या. अलीकडच्या काळात हा आकडा ११.७ वर्षांवर आला. जिवंत दात्याच्या किडनीसाठी तो १२.१ वरून १९.२ वर्षांवर गेला.

बरेच जण १९.२ ही किडनीची मुदत समजतात आणि मनात उलटी मोजणी सुरू करतात. तसं करू नका. निम्म्या किडन्या त्याच्या पुढेही चालतात. शिवाय या हिशेबात किडनी छान चालू असताना माणूस हृदयविकाराने गेला, तरी ती किडनी संपली असंच धरतात.

तुमच्या किडनीचं काय होईल हे बऱ्याच गोष्टींवर ठरतं: दात्याचं वय, किडनी काढल्यापासून बसवेपर्यंत ती किती वेळ थंड पेटीत राहिली, तुमचं आणि दात्याचं टिश्यू मॅचिंग, रिजेक्शन आलं का (म्हणजे शरीराने किडनी परकी समजून तिच्यावर हल्ला केला का), बीपी आणि शुगर किती काबूत आहे. या यादीतल्या पहिल्या काही गोष्टी ऑपरेशनच्या दिवशीच ठरून गेलेल्या असतात, त्यावर झोप उडवण्यात अर्थ नाही. गोळ्या, तपासण्या, बीपी आणि शुगर मात्र पुढची सगळी वर्षं आपल्या हातात राहतात.

डायलिसिसपेक्षा आयुष्य खरंच वाढतं का, की फक्त सोय होते?

वाढतं. ही तुलना करताना एक मेख असते: ट्रान्सप्लांटसाठी मुळातच धडधाकट पेशंट निवडले जातात, त्यामुळे त्यांची तुलना डायलिसिसवरच्या सगळ्यांशी केली तर ती न्याय्य ठरत नाही. म्हणून १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, किडनी मिळालेल्यांची तुलना त्याच प्रतीक्षायादीत अजून थांबलेल्यांशी केली. ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका यादीतल्या लोकांपेक्षा २.८ पट जास्त होता. साधारण १०६ दिवसांनी तो सारखा झाला. त्यानंतर मात्र चित्र पालटलं आणि लांबच्या काळात मृत्यूचा धोका जवळपास दोन तृतीयांशाने कमी दिसला.

म्हणून सुरुवातीचे तीन-चार महिने डॉक्टर इतके कडक का असतात हे घरच्यांनी समजून घ्यावं. भेटायला येणाऱ्यांना दारातूनच परत पाठवताना वाईट वाटतं, पण त्या महिन्यांत तसंच करावं.

माझं क्रिएटिनिन १.४ आहे आणि रिपोर्टवर ते लाल अक्षरात येतं. किडनी बिघडतेय का?

बहुतेक वेळा नाही. क्रिएटिनिन हा रक्तातला कचरा, जो किडनी बाहेर टाकते; तिचं काम कमी झालं की तो वाढतो. लॅबची मर्यादा दोन किडन्या असलेल्या निरोगी माणसासाठी असते. तुमच्याकडे काम करणारी किडनी एक आहे, आणि ती ज्या गोळ्यांच्या आधाराने टिकून आहे त्या गोळ्याही तिच्यावर थोडा ताण टाकतात. ट्रान्सप्लांटनंतर १.२ किंवा १.५ वर स्थिरावून वर्षानुवर्षं मजेत जगणारे कितीतरी आहेत.

महत्त्वाचा असतो तो तुमचा स्वतःचा नेहमीचा आकडा, ज्याला दवाखान्यात ‘बेसलाइन’ म्हणतात. एखाद्याचा नेहमीचा आकडा १.६ असेल आणि आजही १.६ आला तर ती चांगली बातमी. दुसऱ्याचा नेहमीचा ०.९ आणि आज १.२ आला, तर लॅब त्याला नॉर्मल छापेल, पण ती वाढ एक तृतीयांश आहे. तिची चौकशी झालीच पाहिजे.

यासाठी मी एक साधी रेघांची वही ठेवली आहे. एका ओळीत तारीख, क्रिएटिनिन, टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल, लघवीतलं प्रोटीन, बीपी, वजन. शेवटच्या रकान्यात ‘जुलाब होते’, ‘ताप’, ‘अँटिबायोटिक पाच दिवस’ असं काही असेल तर. चौदा वर्षांच्या ओळी एकाखाली एक आहेत. फाइलीतले सुटे कागद जे दाखवत नाहीत ते त्या रकान्यावरून बोट फिरवलं की लगेच दिसतं. आकडा एकदा वर गेला तर घाबरू नका. पाणी कमी प्यायलं, जुलाब झाले, काही अँटिबायोटिक घेतलं तरी तो चढतो. पण पुन्हा तपासायला एक महिना लावू नका.

लघवीतल्या प्रोटीनकडे लोक क्रिएटिनिनइतकं लक्ष देत नाहीत. द्यायला हवं. कित्येकदा क्रिएटिनिन हलायच्या आधी ते वाढतं.

मला काहीच त्रास नाही. मग तपासण्या कशाला?

या पानावरचं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल, पण हे वाचा.

रिजेक्शन म्हणजे ताप येईल, किडनीवर दुखेल, लघवी कमी होईल, पाय सुजतील असं आपल्याला वाटतं. तसं होतंही. पण आजच्या औषधांमुळे बहुतेक रिजेक्शन मुकी असतात. माणूस जेवतो, कामाला जातो, झोपतो आणि आत किडनीवर हल्ला चालू असतो. रक्त-लघवीची तपासणी सोडली तर त्याचा सुगावा लागायला दुसरा मार्ग नसतो.

मला सहाव्या वर्षी हे कळलं. तब्येत इतकी छान होती की दोन महिन्यांचा फॉलोअप मी पाचव्या महिन्यात नेला. कामाची गडबड होती, आणि खरं सांगायचं तर पुन्हा पेशंट व्हायचा कंटाळा आला होता. नेहमीचं क्रिएटिनिन १.३ होतं, रिपोर्ट आला १.८. बायोप्सी झाली (किडनीचा बारीक तुकडा काढून तपासला), रिजेक्शन निघालं, तीन दिवस शिरेतून स्टिरॉइड दिलं. आकडा १.५ वर उतरला आणि तिथेच थांबला. १.३ परत कधी दिसला नाही. दोन महिन्यांनी गेलो असतो तर तो फरक कदाचित पडलाच नसता, आणि ती किडनी ताईची होती. त्यानंतर एकही तारीख चुकवलेली नाही.

साधारण वेळापत्रक असं असतं: पहिल्या महिन्यात आठवड्याला दोन-तीनदा रक्ततपासणी, मग आठवड्याला एकदा, मग पंधरा दिवसांनी, वर्षाच्या उत्तरार्धात महिन्याला आणि पहिल्या वर्षानंतर दोन-तीन महिन्यांतून एकदा. तपासण्यांमधलं अंतर वाढत जाणं ही प्रगतीची खूण आहे. पण दोन-तीन महिन्यांचं अंतर कधीच संपत नाही. दहाव्या वर्षीही नाही.

गोळ्या कधी बंद होतील?

किडनी चालू आहे तोवर नाही. जुळ्या भावंडांची किडनी असेल, तेही अगदी एकसारख्या जुळ्यांची, तर गोष्ट वेगळी. बाकी सगळ्यांच्या शरीराला ती किडनी परकीच वाटत राहते. पाच वर्षांनी शरीराला तिची ‘सवय’ होईल असं मला एका नातेवाइकाने मोठ्या खात्रीने सांगितलं होतं. तसं होत नाही. काळाबरोबर डोस कमी होतात, पण पहारा उठत नाही.

प्रतिकारशक्ती दाबून ठेवायला बहुतेकांना तीन औषधं असतात: टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, मायकोफेनोलेट किंवा अझाथायोप्रिन, आणि प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड. सायक्लोस्पोरिन मातीतल्या बुरशीतून सापडलं आणि १९८३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाल्यावर ट्रान्सप्लांटचं सगळं चित्र बदललं. टॅक्रोलिमस १९८० च्या दशकात जपानमधल्या त्सुकुबा भागातल्या मातीतल्या जिवाणूतून मिळालं. हातातली कॅप्सूल बघताना मला याचं अजूनही नवल वाटतं.

गोळ्यांच्या बाबतीत लोक वारंवार चुकतात त्या जागा अशा आहेत.

टॅक्रोलिमसची लेव्हल ही पुढची गोळी घेण्याआधीची, म्हणजे रात्रीच्या गोळीनंतर सुमारे बारा तासांनी मोजायची असते. सकाळी घरी गोळी घेऊन मग लॅबमध्ये गेलात तर आकडा खोटा चढलेला येतो, आणि त्यावरून डोस कमी झाला तर नुकसान तुमचंच. गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिलं की तिथेच घ्या. दिवसातून एकदा घ्यायची लांब पल्ल्याची गोळी असेल तर वेळ डॉक्टरांना विचारा.

वेळ पाळा. सकाळी आठ तर रात्री आठ. लग्नकार्यात, प्रवासात, उपासतापासातसुद्धा. गोळी राहिली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नका. घेतल्यावर लगेच उलटी झाली तर दवाखान्यात फोन करून विचारा. आणि दुकानदाराने ‘हेच आहे, कंपनी वेगळी’ म्हणून दुसरं पाकीट दिलं तर ते डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. कंपनी बदलली की लेव्हल हलू शकते, म्हणून बदल केल्यावर ती तपासावी लागते.

गोळ्या मुद्दाम बंद करणारे थोडे असतात. बहुतेकांच्या हातून त्या नकळत सुटतात: पाकीट संपलं, दोन दिवस मिळालं नाही, मग चार दिवस झाले. सगळ्यात जास्त जपायला लागतं ते सोळा ते पंचवीस वयाच्या मुलांना. आईवडिलांच्या हातातून गोळ्यांचा डबा त्यांच्या हातात जातो, मुलांच्या डॉक्टरांकडून मोठ्यांच्या डॉक्टरांकडे बदली होते, आणि मित्रांपेक्षा वेगळं दिसायचं नसतं. घरात असं मूल असेल तर त्याच्यावर ओरडू नका, पण डबा रोज बघा.

कोणत्या औषधांपासून सांभाळायचं?

नवीन कोणतंही औषध सुरू करण्याआधी, मग ते दातांच्या डॉक्टरांनी दिलेलं का असेना, ट्रान्सप्लांटच्या टीमला विचारा. नियम एवढाच. तरी काही नावं पाठ असावीत.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, त्या टाळायच्या. ताप किंवा अंगदुखीसाठी सहसा पॅरासिटामॉल चालतं, पण ताप दाबून घरी बसायचं नाही. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीविरोधी औषधं आणि बीपीचं डिल्टियाझेम टॅक्रोलिमसची लेव्हल चढवतात. टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटसाठीची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ती इतकी खाली आणतात की रिजेक्शन ओढवू शकतं. अझाथायोप्रिन चालू असताना युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल घेतलं तर पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीवर घसरतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस वर्ज्य. ‘प्रतिकारशक्ती वाढवणारं’ म्हणून कोणी काही चूर्ण किंवा काढा दिला तर नम्रपणे परत करा. आपण सगळी खटपट ती शक्ती आवरून धरण्यासाठी करतोय.

जुलाबांबद्दल खास सांगतो, कारण हे उलटं वाटतं. जुलाब झाले की गोळी अंगी लागत नसेल, लेव्हल पडली असेल असं आपण धरतो. टॅक्रोलिमसच्या बाबतीत जुलाबात ती बऱ्याचदा चढते. त्यात अंगातलं पाणीही कमी झालेलं असतं, म्हणजे किडनीवर दुहेरी मार. एक दिवसापेक्षा जास्त जुलाब राहिले तर फोन करा.

मला शुगर नव्हती. ट्रान्सप्लांटनंतर कशी आली?

स्टिरॉइड आणि टॅक्रोलिमस या दोन्हींमुळे येऊ शकते, आणि हे फार जणांना होतं. वजन वाढलेलं असेल, घराण्यात शुगर असेल, वय जास्त असेल तर शक्यता आणखी वाढते. डायलिसिसची पथ्यं सुटल्यावर तोंडाला चव येते, स्टिरॉइडने भूक वाढते आणि पहिल्या वर्षात वजन झपाट्याने चढतं. माझं अकरा किलो वाढलं होतं. शुगर आली म्हणजे तुम्ही काही गुन्हा केलात असं नाही, पण तिच्यावर उपचार मूळ शुगरइतकेच मन लावून करायचे. तीच पुढे नव्या किडनीला आणि हृदयाला इजा करते. स्टिरॉइड मनाने कमी करून शुगर उतरवायचा प्रयत्न कोणी करू नये.

किडनी तर ठीक चालते. मग हृदयाची तपासणी का सांगतात?

कारण किडनी चालू असताना जी माणसं जातात, त्यातली पुष्कळशी हृदयविकाराने जातात. किडनी निकामी असतानाच्या वर्षांत रक्तवाहिन्यांमध्ये कॅल्शियम साचलेलं असतं, हृदयाचा स्नायू जाड झालेला असतो. ट्रान्सप्लांटने ते सगळं पुसून जात नाही. त्यात औषधांमुळे बीपी, कोलेस्टेरॉल आणि शुगर चढतात. बीपी १३०/८० च्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. तंबाखू आणि सिगारेट कायमची बंद. चालताना छातीत दडपण आलं, पूर्वी चढायचो तेवढ्याच जिन्याला दम लागला तर त्याला अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका.

संसर्गाची भीती किती काळ?

पहिले सहा महिने सर्वात जास्त, पण ती कधीच शून्य होत नाही. सुरुवातीला म्हणूनच जादा औषधं असतात: न्यूमोनियाच्या एका प्रकाराविरुद्ध कोट्रायमॉक्झॅझोल, सायटोमेगॅलो विषाणूविरुद्ध तीन ते सहा महिने व्हॅलगॅनसायक्लोव्हिर. ती बंद झाल्यावर काही आठवड्यांत ताप, थकवा, जुलाब आले तर हा विषाणू आठवावा.

बीके हा विषाणू बहुतेकांच्या शरीरात लहानपणापासून निपचित पडून असतो. प्रतिकारशक्ती दाबली गेली की तो जागा होतो आणि थेट नव्या किडनीत वाढतो. त्याची लक्षणं दिसत नाहीत, म्हणून पहिल्या दोन वर्षांत ठरावीक अंतराने रक्तात तो शोधतात. सापडला तर मुख्य उपाय म्हणजे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं. ती कमी केली की रिजेक्शनचा धोका वाढतो. या दोन्हींमधला तोल डॉक्टरांनीच साधायचा असतो.

१०० फॅरेनहाइटच्या वर ताप गेला तर सकाळपर्यंत वाट बघू नका. स्टिरॉइडमुळे ताप कमी चढतो, त्यामुळे आपला १००.५ हा इतरांच्या १०२ सारखा समजावा असं मला सांगितलं होतं आणि ते मला पटलं आहे.

लसींमध्ये फ्लूची दरवर्षी, न्यूमोकॉकस आणि हिपॅटायटिस बी या चालतात. वेळ डॉक्टर ठरवतात. जिवंत विषाणूच्या लसी, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर, तोंडावाटे द्यायचा पोलिओ, आपल्याला चालत नाहीत. घरातल्या बाळाला तोंडावाटे पोलिओ देणार असतील तर आधी विचारा.

कॅन्सरचा धोका वाढतो हे खरं का?

खरं आहे. सगळे कॅन्सर एकत्र धरले तर तो इतरांच्या दोन ते तीन पट होतो. सगळ्यात जास्त वाढतो त्वचेच्या कॅन्सरचा, विशेषतः गोऱ्या कातडीच्या माणसांत. एपस्टाइन-बार विषाणूशी जोडलेला लिम्फोमाही, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सरही, दिसतो, आणि तो पहिल्या वर्षातही येऊ शकतो. हे वाचून गोळ्या कमी करायचा विचार मनात आला तर तो तिथेच थांबवा. करायचं ते असं: भर उन्हात अंग झाकून जा, सनस्क्रीन लावा, वर्षातून एकदा त्वचा आणि ओठ नीट तपासून घ्या, बरा न होणारा फोड किंवा गाठ दाखवा, स्त्रियांनी गर्भाशयमुखाची आणि स्तनांची तपासणी चुकवू नये. वेळेत सापडलेल्या बहुतेक गोष्टींवर इलाज आहे.

हात थरथरतात, चेहरा सुजलाय, केस गळतात. हे असंच राहणार का?

बरंचसं उतरतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत माझ्या हातातला कप बशीवर वाजायचा, सही बँकेत जुळायची नाही. टॅक्रोलिमसचा डोस खाली आला तसं ते कमी होत गेलं; आजही सुईत दोरा ओवताना थोडं जाणवतं. केस गळणं टॅक्रोलिमसमुळे, अंगावर लव वाढणं आणि हिरड्या सुजणं सायक्लोस्पोरिनमुळे, गोल चेहरा स्टिरॉइडमुळे. कमी वयाच्या मुलींना हे फार लागतं आणि कित्येक जणी केवळ आरशामुळे गोळ्या सोडतात. तिला ‘जीव वाचला हे काय कमी आहे’ असं म्हणू नका. डॉक्टरांसमोर तिला हे मोकळेपणाने बोलू द्या, औषध बदलण्याची वाट बऱ्याचदा असते.

हाडांचं काय?

स्टिरॉइडने ती ठिसूळ होतात, आणि किडनीच्या आजारात ती आधीच कमकुवत झालेली असतात. डी जीवनसत्त्व, कॅल्शियम आणि हाडांची घनता तपासून घ्या. जांघेत किंवा खुब्यात सतत दुखत असेल, लंगडायला होत असेल तर एमआरआयबद्दल विचारा. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटणं हा स्टिरॉइडचा ओळखीचा परिणाम आहे.

मूल होऊ शकतं का?

होऊ शकतं. पहिली आई झाली १९५८ मध्ये: एडिथ हेल्म, जिला दोन वर्षं आधी तिच्या जुळ्या बहिणीने किडनी दिली होती. त्यानंतर जगभर हजारो मुलं जन्मली.

ट्रान्सप्लांटनंतर मासिक पाळी आणि प्रजननक्षमता पुष्कळदा काही महिन्यांतच परत येते, कधी कधी अपेक्षेच्या आधी. म्हणून गर्भनिरोधाचं बोलणं सुरुवातीलाच व्हावं. मूल हवं असेल तर किमान एक वर्ष थांबायला सांगतात: क्रिएटिनिन स्थिर हवं, लघवीत प्रोटीन कमी हवं, बीपी काबूत हवा, नजीकच्या काळात रिजेक्शन झालेलं नसावं. मायकोफेनोलेटने गर्भात व्यंग येऊ शकतं, म्हणून गर्भधारणेच्या किमान सहा आठवडे आधी ते बंद करून बहुधा अझाथायोप्रिन देतात. टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन चालू राहतात. बीपी वाढणं आणि बाळ दिवस भरण्याआधी होणं हे धोके इतरांपेक्षा बरेच जास्त असतात, तेव्हा अशी गर्भवती नेफ्रॉलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ या दोघांच्या नजरेखाली हवी.

‘सुनेला किडनी बसवलीय, आता मूलबाळ कसलं’ असं म्हणणारी घरं मी पाहिली आहेत. त्यांनी निदान एकदा डॉक्टरांकडे तिच्याबरोबर जाऊन बसावं.

रिजेक्शन आलं म्हणजे किडनी गेलीच का?

नाही. पहिल्या महिन्यांत येणारं, प्रतिकारशक्तीच्या पेशींमुळे होणारं तीव्र रिजेक्शन बहुतेक वेळा उपचारांनी आवरतं. अँटिबॉडींमुळे, म्हणजे परक्या गोष्टींविरुद्ध शरीर रक्तात तयार करतं त्या प्रथिनांमुळे, होणारं जास्त चिवट असतं. दात्याविरुद्धच्या या अँटिबॉडी गोळ्यांमध्ये खंड पडला की तयार होण्याचा धोका जास्त असतो, आणि एकदा तयार झाल्या की सहजासहजी जात नाहीत. वर्षानुवर्षं किडनी हळूहळू झिजवत राहतात. नक्की काय चाललंय हे बायोप्सीशिवाय कळत नाही. तिची भीती वाटते, मलाही वाटली. बसवलेली किडनी पोटाच्या खालच्या भागात, कातडीच्या जवळ असते, त्यामुळे जागा बधिर करून काही मिनिटांत सुईने तुकडा काढतात. नंतर काही तास पडून राहायचं आणि लघवीत रक्त येतंय का ते बघायचं.

मूळ आजार नव्या किडनीत परत येतो का?

काहींचा येतो. जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण २३ डिसेंबर १९५४ रोजी बोस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी केलं, त्यासाठी त्यांना १९९० मध्ये नोबेल मिळालं. रिचर्ड हेरिकला त्याच्या जुळ्या भावाची किडनी मिळाली. रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तो आठ वर्षं जगला, पण मूळ आजार त्या किडनीतही उतरला. आज सर्वात जास्त लक्ष ठेवावं लागतं ते एफएसजीएस या, किडनीच्या गाळण्यांवर चट्टे पाडणाऱ्या आजारावर. तो काहींना ऑपरेशननंतर काही दिवसांतच परत येतो. आयजीए नेफ्रोपॅथी (गाळण्यांत आयजीए नावाची अँटिबॉडी साचण्याचा आजार) परत आली तरी सहसा संथ असते. आपली किडनी मुळात कशाने गेली हे पेशंटला माहीत असायलाच हवं. माहीत नसेल तर पुढच्या भेटीत विचारा.

आणि ही किडनीही बंद पडली तर?

मग पुन्हा डायलिसिस किंवा दुसरं ट्रान्सप्लांट. दुसरं, तिसरं ट्रान्सप्लांट होऊन चांगलं आयुष्य काढणारी माणसं आहेत. पहिल्या किडनीमुळे अँटिबॉडी तयार झाल्या असतील तर जुळणारा दाता मिळणं अवघड जातं. तयारी आधीपासून करायची असते: किडनीचं काम, म्हणजे रिपोर्टवरचा ईजीएफआर, वीसच्या आसपास आला की पुढचं बोलणं सुरू करा. हे बोलणं पेशंट टाळतो आणि डॉक्टरही कधी कधी लांबवतात. किडनी बंद पडली म्हणून सगळ्या गोळ्या एका दिवशी टाकून द्यायच्या नसतात, त्या कशा उतरवायच्या हे ठरवावं लागतं. आणि किडनी गेल्याचं दुःख हे खरं दुःख असतं. ती ज्याने दिली त्याच्यासमोर तर अपराध्यासारखं वाटतं. घरच्यांनी ते ओळखावं.

हातावरचा फिस्टुला बंद करायचा का?

फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेला मार्ग, शांत असेल तर बहुधा तसाच ठेवतात, पुढे लागला तर असावा म्हणून. फार फुगला, हाताला त्रास झाला किंवा हृदयावर ताण आला तर बंद करतात. त्या हातातून रक्त काढू देऊ नका, बीपी मोजू देऊ नका.

पाणी किती प्यायचं? काम, व्यायाम?

किडनी चांगली चालत असेल तर साधारण अडीच ते तीन लिटर. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टर सांगतील तेवढंच. वर्षानुवर्षं घोट मोजून प्यायलेल्या माणसाला पहिला पूर्ण पेला एका दमात पिताना काय वाटतं ते सांगता येणार नाही. काम बहुतेक जण काही महिन्यांत सुरू करतात. चाला, पोहा, सायकल चालवा. किडनीवर थेट आघात होईल असे कुस्ती-कराटेसारखे खेळ टाळा.

किडनी देणाऱ्याचं पुढे काय होतं?

हा प्रश्न पेशंटपेक्षा पेशंटची आई जास्त विचारते. उरलेली किडनी वाढून कामाचा मोठा भाग उचलते. दोन्हींचं मिळून जेवढं काम होतं त्याच्या साधारण ७० टक्के. दात्याची स्वतःची किडनी निकामी होण्याचा धोका कमी असतो, पण शून्य नसतो. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १५ वर्षांत दहा हजार दात्यांपैकी सुमारे ३१ जणांची किडनी निकामी झाली; तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत हे प्रमाण दहा हजारांत ४ होतं. किडनी दिलेल्या स्त्रियांना पुढच्या गरोदरपणात बीपीचा त्रास जास्त होतो: २०१५ च्या एका अभ्यासात ११ टक्के, तर न दिलेल्यांत ५ टक्के.

हे आकडे किडनी देण्याआधी दात्याला सांगितले गेले पाहिजेत, आणि दिल्यानंतर वर्षातून एकदा त्याचं बीपी, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन तपासलं गेलं पाहिजे. घरात सगळं लक्ष पेशंटकडे जातं आणि दात्याची तपासणी दोन-तीन वर्षांनी कोणाच्या तरी लक्षात येते. आमच्याकडेही तेच झालं होतं. आता दर डिसेंबरमध्ये माझी आणि ताईची तपासणी एकाच दिवशी असते, आणि माझ्या वहीत माझ्या ओळीच्या खाली तिची ओळ लिहिलेली असते.